आसगावची सून

कौशल्याबाईंच्या तेरवीला आसगावच्या आनंदाबाई न जेवताच उठून गेल्या, आणि हे घरात कोणाच्याही लक्षात आलं नाही. घरातल्यांचंही चुकलं असं नाही. अंगणात मांडव, मांडवात पंगती, पंगतीत वाढणारे आणि वाढणाऱ्यांना ओरडणारे अशी सगळी गर्दी होती. सतरंजीवर सोयरे बसले होते आणि कौशल्याबाईंचा मुलगा अनुप एकेकाचं नाव पुकारत होता. नाव पुकारलं की तो सोयरा उठायचा, दुखवट्याचं कापड द्यायचा, चार शब्द बोलून डोळे पुसायचा आणि पंगतीकडे एक नजर टाकून परत बसायचा.

पुढच्याच ओळीत एक म्हातारी मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती. अनुपने नाव पुकारायला तोंड उघडलं की ती अर्धवट उठायची; नाव दुसऱ्याचंच निघालं की खाली बसायची. असं चार-पाच वेळा झालं. ते पाहून हर्षाला, कौशल्याबाईंच्या मुलीला, वाटलं की बाईंचे गुडघे दुखत असावेत. ती जवळ गेली आणि शक्य तितक्या प्रेमाने म्हणाली, "मावशी, तुम्ही गल्लीतल्याच ना? गल्लीची पंगत मागच्या बाजूला आहे."

म्हातारीने तिच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग पिशवी काखेत मारली आणि मांडवाबाहेर चालती झाली.

त्यानंतर काही दिवसांनी फोन आला, तेव्हा हर्षा नुकतीच आईच्या बाहुल्या लावून हात झटकत होती.

या बाहुल्यांबद्दल आधी सांगितलं पाहिजे. पवनीत नंदलालजींचं हातमागाच्या कापडाचं दुकान. मागावरून उतरलेल्या कापडाचे तुकडे, कोशाच्या रेशमी चिंध्या, लुगड्याच्या किनारीचे उरलेले फाटे कौशल्याबाईंच्या हाती पडायचे आणि त्यातून बाहुल्यांचे कपडे व्हायचे. बाहुल्या त्यांनी जत्रेतून, दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईतून, कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या कचऱ्यातूनही आणल्या होत्या. आतल्या खोलीतलं भिंतीचं कपाट त्यांनी गच्च भरलं होतं. इथपर्यंत हर्षाची काही तक्रार नव्हती. पण कौशल्याबाईंनी प्रत्येकाला नाव दिलं होतं. ती बाई की बुवा हे ठरवलं होतं. आणि स्वभाव दिला होता, तोही पुष्कळदा वाईट.

हर्षा भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती आणि तिची या बाबतीत ठाम मतं होती. "संग्रह करायचा तर नीट कर ना आई. कुठली, कशाची, कधीची, एवढं पुरे. नावं कशाला? टपालाची तिकिटं जमवणारा माणूस तिकिटाला 'रुसू नको' म्हणतो का?"

"तिकिटाले डोळे कुठं असतात?" कौशल्याबाई म्हणायच्या.

"हा तुझा सगळ्यात छोटा. हा मुलगा की मुलगी?"

"ते अजून ठरलं नाही. तुले कायची घाई आहे?"

हर्षाने हट्टाने एकही नाव लक्षात ठेवलं नाही. आई फोनवर सांगायची, 'आज सीताबाईनं अबोला धरला', आणि हर्षा म्हणायची, 'आई, कामाचं बोल.' एकदा मात्र कौशल्याबाई म्हणाल्या होत्या, "नाव नाही ठेवलं तं हाक कोणाले मारू? तू तं तिकडे भंडाऱ्याले." त्या दिवशी फोन हर्षानेच लवकर ठेवला होता.

आता आई नव्हती, आणि कपाट उघडलं की सगळे एकमेकांना खेटून, कोणी पाठ फिरवून, कोणी कोणाच्या मांडीवर असे बसलेले दिसायचे. हर्षाला ते पाहवेना. तिने एका दुपारी सगळ्यांना बाहेर काढलं, पुसलं आणि पद्धतशीर लावलं. कापडी वरच्या फळीवर, लाकडी मधल्या, प्लास्टिकच्या खालच्या. प्रत्येक फळीवर उंचीप्रमाणे. कपाट एखाद्या शाळेच्या सामुदायिक फोटोसारखं दिसू लागलं. तिला जरा बरं वाटलं.

आणि फोन वाजला.

"कौशल्याचं घर का?"

"हो. मी हर्षा बोलते."

"मी आनंदाबाई. आसगावची. तुह्या मायची इहीन."

हर्षाने मनात हिशोब केला. अनुपची सासू तुमसरची. हर्षाची स्वतःची सासू केव्हाच वारलेली. आईला तिसरी विहीण असण्याची सोय नव्हती.

"विहीण? कोणाकडून?"

"राखीकडून. आनखी कोनाकडून?"

"कोण राखी?"

पलीकडून आवाज आला, "सोताच्या बहिनीले इचारून राहिली, कोन राखी!"

हर्षाने वळून वडिलांकडे पाहिलं. नंदलालजी शांतपणे बशीत चहा ओतत होते. त्यांच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या चारित्र्याबद्दल पहिल्यांदाच कोणाला तरी शंका आली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"तेरवीले इहीन म्हनून पुकारलं नाही," आनंदाबाई बोलत होत्या. "मी दुखवट्याचं कापड घेऊन बसून होती. तू मले गल्लीतली म्हनलं. ठीक हाय. आता एकच करा, माही सून धाडून द्या. माय होती तवर माहेर होतं. माय नाही तं माहेर कायचं?"

फोन बंद झाला. शेवटचं वाक्य एका बाहुलीबद्दल होतं, हे पुढे कळल्यावरही स्वतःला समजावून सांगायला हर्षाला थोडा वेळ लागला.

कोडं अनुपने सोडवलं. "अगं ताई, बाहुलीचं लग्न! आपली राखी अन त्यांचा भुपेंद्र. बँड लावला होता बाबांनी. मी करवला होतो. तू नव्हती. तुझी परीक्षा होती न?"

हर्षाची परीक्षा नव्हती. असल्या लग्नाला यायचं नाही म्हणून ती भंडाऱ्यालाच राहिली होती.

"मी नवरदेवाचा कान पिळला," अनुप म्हणाला. "तो हातातच आला."

"काय?"

"कान. डावा. त्याच्यावरून वरपक्ष जेवत नव्हता. मग आईनं कानाच्या बदल्यात चांदीची भिकबाळी दिली. पण घालाची कशात, कानच नाही. ते आनंदाबाई अजून काढतात."

"द्या पाठवून," नंदलालजी म्हणाले. "तुझ्या आईनं ते सोयरीक तीस वर्षं सांभाळली. सणावाराले येणं-जाणं होतं दोघींचं."

"मग राखी इतकी वर्षं माहेरी कशी? सासरी का नव्हती?"

"काही तरी होतं त्या दोघींचं. मी विचारलं नाही." त्यांनी बशी खाली ठेवली. "विचारलं असतं तं समजून घ्यावं लागलं असतं."

"ठीक आहे. एक बाहुली द्यायची आहे, देऊन टाकू." हर्षा उठली. सगळे तिच्यामागे आतल्या खोलीत आले. कपाट उघडलं. तीन फळ्यांवरून कडक शिस्तीत बसलेल्या मंडळींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"कोणती राखी?" हर्षाने विचारलं.

सगळे फळ्या न्याहाळू लागले.

"स्वाती, तू तर आईबरोबर राहत होतीस."

"मले हातच लावू देत नव्हत्या," अनुपची बायको म्हणाली. "'त्यांना नव्या माणसाची सवय नाही' म्हणत. माझी दोन लेकरं शाळेत जाऊ लागली, तरी मी नवीच."

"बाबा?"

"मले एक परसराम माहीत आहे. तुझी आई नेहमी म्हणे, परसराम कसा कधी उलटून बोलत नाही."

"यातला कोणता परसराम?"

"तेच तं माहीत नाही. ओळखला असता तं त्याच्याशी दोन शब्द बोललो असतो."

अनुप डोकं खाजवत होता. "राखीनं लग्नात हिरवं नेसलं होतं. का पिवळं होतं? वडे मात्र उडदाचे होते."

"पण ताई," स्वातीने फळ्यांवरून नजर फिरवली, "हे असे काहून बसले? आई तं नवरा-बायको जवळ बसवत. भांडण झालेले दूर. राखीची जागा कुठं तरी असन न ठरलेली."

"मी लावल्या," हर्षा म्हणाली. "कापडी वर, लाकडी मध्ये."

"जनगणना झाली म्हणायची," नंदलालजी म्हणाले आणि चहाची बशी धुवायला निघून गेले.

हर्षा डगमगली नाही. विचार करून पुस्तक शोधता येतं, तर बाहुली का नाही? राखी लग्नाची होती, म्हणजे गळ्यात मंगळसूत्र हवं. माहेरी लाडाने राहिलेली, म्हणजे अंगावर दागिने हवेत. तसं पाहिलं तर एकच बाहुली सगळ्या अटी पुऱ्या करत होती. लाकडी फळीवरची, ठसठशीत नथ घातलेली, हिरव्या कोशाच्या साडीतली, ओठ रंगवलेली. इतकी नटलेली कपाटात दुसरी कोणी नव्हती. हर्षाने तिला नव्या टॉवेलात गुंडाळलं. अनुपने पेढ्यांचा डबा घेतला, मोटरसायकलला किक मारली आणि तो आसगावला गेला.

दिवस मावळायच्या आत तो परत आला. पेढे नव्हते. टॉवेल होता.

"पेढे ठेवून घेतले," तो म्हणाला. "नवरी परत केली."

"का?"

"बसू दे आधी." तो बसला. "पाणी दे. ताई, त्यांनी दारात रांगोळी काढली होती. माप भरून ठेवलं होतं. शेजारच्या बाया जमल्या होत्या. भुपेंद्रले आंघोळ घालून चौरंगावर बसवलं होतं, कान झाकाले टोपी घातली होती. आनंदाबाईनं ओवाळलं अन नवरीचा पदर वर केला. पाहते तं काय? म्हणे, 'हा तं सोमाजी!'"

"सोमाजी?"

"गडी आहे तो. नाटकात नटीचं काम करते. आईनंच त्याले तसा नटवून ठेवला होता, मंडईतल्या नाटकांचा हंगाम संपल्यावर उतरवायचं राहून गेलं. तुले खोटं वाटते? पाय तिथं."

हर्षाने टॉवेल उघडला. हिरव्या कोशाच्या साडीखाली स्वच्छ, काठाचं, व्यवस्थित कासोटा घातलेलं धोतर होतं.

"बाया पोट धरून हसल्या," अनुप म्हणाला. "एक म्हणे, पवनीवाल्यांनी कंपनीतली नटी पळवून आणली. दुसरीनं मलेच विचारलं, का भाऊ, सोताच्या लग्नात तरी पदर वर करून पाहिला होता का?"

"मग?" स्वाती स्वयंपाकघरातून म्हणाली. "पाहिला होता का?"

अनुपने घाईने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तो हर्षाकडे न बघता म्हणाला, "तुझ्यासाठी निरोप आहे. म्हणे, 'हर्षाले सांग, आपल्या मायच्या घरातले मानसं तिले ओळखता येत नाहीत. ऐतवारी सोता ये म्हना, अन राखीले घेऊन ये.'"

टिंगल अनुपची झाली होती, पण निरोप बरोबर जागी लागला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हर्षा पाठीवर नाव नसलेलं पुस्तकही दारातून ओळखायची. इथे ती रविवारपर्यंत रोज कपाटासमोर खुर्ची टाकून बसली आणि तिला कोणीच ओळख दिली नाही. तिने आईचे फोन आठवून पाहिले. कान देऊन ऐकलंच नव्हतं, त्यामुळे आठवणारं सगळं अर्धवट होतं. सीताबाईचा अबोला. कोणाचं तरी बाळंतपण. कोणी तरी दारू सोडली होती, आणि त्याबद्दल आईने शिरा केला होता. राखीबद्दल एवढंच आठवलं की तिला गर्दी आवडत नाही, आणि एकदा ती दिवसभर खिडकीतून बाहेर पाहत बसली होती. पण चेहरा? सगळ्या वाक्यांना नावं होती आणि एकाही नावाला चेहरा नव्हता.

शेवटी तिने चार जणी निवडल्या. मंगळसूत्रावर आता तिचा भरवसा नव्हता; तिघींच्या साडीखाली काय आहे ते नीट तपासून घेतलं. एकीच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून तिला आपल्या हाताने हिरव्या मण्यांच्या बांगड्या भरल्या. चौथी कापडी होती, साधी, मान जराशी कललेली. ती का घेतली हे हर्षाला सांगता आलं नसतं. वरच्या फळीवर ती काही केल्या सरळ बसत नव्हती, एवढंच.

रविवारी अनुपने दुकानाची गाडी काढली. आषाढ लागला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या रोपांचे पऱ्हे हिरवे दिसत होते. आसगावात आनंदाबाईंचं अंगण शेणाने सारवलेलं होतं आणि त्यात निदान तीस बाया बसल्या होत्या. अनुपच्या मागच्या खेपेची ख्याती पसरली असावी. आनंदाबाईंचे यजमान देवाजी शेतातून येऊन, पाय न धुताच, जागा धरून खाटेवर बसले होते.

चौरंगावर भुपेंद्र होता. काजळाची मिशी, फेटा, डावा कान गायब. हर्षाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. लांब पापण्या, गुलाबी ओठ, इवल्याशा कंबरेवरची झालर कापल्याची खूण. कारखान्याने त्याला मुलगी म्हणून घडवलं होतं. आसगावने त्याला मुलगा केलं होतं, आणि इतक्या वर्षांत तो त्यात चांगला रुळला होता.

"काढ," आनंदाबाई म्हणाल्या.

हर्षाने पहिली काढली.

"अगे माय! हे तं सीताबाई. बाळंतीन हाय ते! बाळंतिनीले एवढ्या उन्हातानात आनलं?"

"कोनी केलं वं तिचं बाळंतपन?" खाटेवरून देवाजींनी विचारलं.

"तुमी चूप राहा. झाक बाई तिले, डोक्याले बांध काही."

हर्षाने आपल्या ओढणीचं टोक सीताबाईच्या डोक्यावर घातलं. मग दुसरी काढली. आनंदाबाईंनी तिचा हात धरला आणि बांगड्या वाजवून पाहिल्या.

"हे रुखमिनी. विधवा हाय. हे बांगड्या कोनं भरल्या?"

"मी."

"तिले विचारलं?"

हर्षा आयुष्यभर परिषदांमधून प्रश्नांना उत्तरं देत आली होती. "नाही," ती म्हणाली.

"कौशल्यानं लग्नाचे चांगले दोन ठिकान आनले होते तिच्यासाठी. ते नाही म्हने. म्हने, आता माहं एकटीचं बरं चालू हाय. अन तू तिले नवरी बनवून घेऊन आली! उतरव."

बांगड्या उतरल्या. अंगणातल्या बाया रुखमिणीच्या बाजूने कुजबुजल्या. तिसरी बाहुली निघाली, तशा आनंदाबाई हसल्याच.

"हा तं कुलदीप."

"हा?" हर्षा जवळजवळ ओरडली. "मी नीट पाहिलं! याच्या साडीखाली धोतर नाही!"

"धोतर कायले घालन तो? नागपुरले कॉलेजात हाय. केस वाढवले, अन हे असं लुंगीवानी गुंडाळते. कौशल्या म्हने, राहू दे, त्याचं वय हाय."

मागे अनुप गाडीला टेकून दुसरीकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते. हर्षाच्या हातात आता शेवटची उरली. तिने ती काढली आणि काही न बोलता पुढे धरली.

आनंदाबाईंनी कापडी बाहुलीकडे पाहिलं. उलटी करून पाहिली. पहिल्यांदाच त्यांनी नाव घेतलं नाही.

"हे कोन?"

"राखी," हर्षा म्हणाली.

"कायवरून?"

अंगणातल्या बाया पुढे सरकल्या. हर्षाने घसा साफ केला. "एकंदर पुराव्यांचा विचार करता ही राखी असण्याची शक्यता..."

"पुस्तकावानी नको बोलू. तोंडानं बोल."

हर्षा थांबली. तिने बाहुलीची कललेली मान बोटाने सरळ केली. ती पुन्हा कलली.

"हिले गर्दी नाही आवडत," ती म्हणाली. "गाडीत सगळ्या समोर पाहत होत्या, हे एकटी तोंड फिरवून बसली. मी हिले कापडाच्यांत ठेवलं तं मान टाकली. लाकडाच्यांत ठेवलं तं पडली. कोठीच जमत नाही हिले. आई होती तवर आईशीबी कमीच बोले. आई बोलत राहे अन हे म्हणे, कामाचं बोल." हर्षाने ती मान पुन्हा सरळ केली. "आता आई नाही तं कोणाशीच बोलत नाही. रडलीबी नाही. तेरवीले सगळे रडले, हे उभी राहून पंगती मोजत होती. लोकाईले वाटते, अकड हाय. अकड नाही जी. तसा स्वभावच हाय तिचा."

अनुप गाडीचा आरसा पुसायला लागला. आरसा स्वच्छ होता.

आनंदाबाई बाहुलीकडे बघत नव्हत्या. त्या हर्षाकडे बघत होत्या, तेरवीला पाहिलं होतं तशाच, एकदा नीट. मग त्यांनी बाहुली काखेत घेतली.

"राखीच हाय," त्या म्हणाल्या.

"पन राखीचे डोळे तं निळे होते," देवाजी खाटेवरून म्हणाले.

"माहेरी राहून काळे झाले."

"अन राखी तं प्लास्टिकची..."

"तुमी बोडीवरची पान्याची मोटर बंद करून आले का?"

देवाजींनी आठवून पाहिलं आणि ते गप्प बसले.

मग सगळं रीतसर झालं. माप ओलांडण्याचा प्रश्न होता, कारण राखीच्या पायांना हाड नव्हतं. हर्षाने तिचा पाय दोन बोटांत धरून तांदूळ लवंडले. भुपेंद्रच्या शेजारी बसवल्यावर राखी कापडी असल्यामुळे त्याच्या अंगावर कलली. बायांनी त्याचा भलताच अर्थ घेतला आणि एकमेकींना कोपरं मारली. जेवणं झाली. मागे राहिलेलं कामही झालं: अनुप अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि मांडवात लावायला हवा होता त्या आवाजात त्याने पुकारलं, "आसगावच्या इहीनबाई!" आनंदाबाई या वेळी पूर्ण उठल्या. घरातून ती कापडी पिशवी घेऊन आल्या. नंदलालजींना धोतर, अनुपला दुपट्टा, हर्षाला पातळ. पातळ देताना त्या कौशल्याबाईंबद्दल चार शब्द बोलणार होत्या, पण दोनच बोलल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. देवाजी सगळ्यांना उगाचच पाणी विचारत फिरले.

उन्हं कलल्यावर पवनीची मंडळी निघाली. सीताबाई, रुखमिणी आणि कुलदीप मागच्या सीटवर बसले. हर्षा गाडीत चढणार, तेवढ्यात आनंदाबाई लगबगीने आल्या आणि पदराखालून काढून राखीला तिच्या हातात ठेवलं.

"घेऊन जा."

"आता काय झालं? आत्ताच तं माप ओलांडलं तिनं!"

"म्हनूनच. आखाड चालू हाय. नवी नवरी आखाडात सासरी राहते का? माहेरी राहते. एवढंबी माहीत नाही तुले?"

हर्षाने राखीला घेतलं. मग तिने राखीला पुढच्या सीटवर, खिडकीकडे तोंड करून बसवलं.

"आखाड सरला का आनून पोचव," आनंदाबाई म्हणाल्या. "आमी न्यायले येत नाही. सांगून ठेवते."

यावर 'बरं' म्हणून निघायचं होतं. हर्षाचा एक पाय गाडीत होता. तिने तो खाली घेतला.

"पोचवून आम्हीबी नाही देत," ती म्हणाली. "न्यायचं असन तं भुपेंद्रले धाडा. घ्यायले जावई आल्याशिवाय पोरगी धाडाची रीत नाही आमच्यात."

आनंदाबाईंचा हात जागीच थांबला. खाटेवर आडवे झालेले देवाजी उठून बसले.

"अवो, ऐकलं का?" आनंदाबाईंनी मान न वळवता विचारलं. "तेच बोलून राहिली. मायवानी. शब्दान् शब्द तेच!"

"ऐकलं," देवाजी म्हणाले. "घ्या. आनखी तीस वर्सं."

"आमची वरबाजू हाय! वरमाय हाव मी! पोरगा काहून येईन पवनीले? एकदा आला होता, तं त्याचा कान काढून घेतला तुमी लोकाईनं..." गाडी सुरू झाली तरी त्या फाटकात उभ्या राहून, कमरेला पदर खोचून, हातवारे करत बोलतच होत्या. कौशल्याबाई गेल्यापासून आज पहिल्यांदाच आनंदाबाई मनासारख्या रागावल्या होत्या.